इटलीतले सुपरकारचे कारखाने, गाडीने फिरायचंय, सल्ला द्या

कातळावरचा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या. आम्ही चौघं इटलीला जायचं म्हणतोय, मी, माझा आतेभाऊ, मिरकरवाड्याला बोटींचं फायबरचं काम करणारा आमचा दोस्त (तोही इथे आहे, येईलच खाली) आणि इंजिनियरिंगला असलेला भाचा. रोम नाही, व्हेनिस नाही, तो कलता मनोरा तर नाहीच नाही. फक्त गाड्यांचे कारखाने. बोलोन्या आणि मोदेना ही शहरं एकमेकांपासून 40 किमीवर आणि त्यांच्या आजूबाजूला फेरारी, लँबोर्गिनी, पगानी, मासेराती, वर डुकाटी, म्हणजे रत्नागिरीहून चिपळूण येईपर्यंत सगळी दैवतं बघून होतात.

तिकडे भाड्याने गाडी घ्यायची असं ठरतंय. घोळ आहे तो तारखांचा. एप्रिल-मे मी बाग सोडून हलू शकत नाही, जून-जुलैत आतेभावाची पेरणी-लावणी, सप्टेंबरात गणपती, दिवाळीपासून पुढे माझं होमस्टे भरलेलं. राहिला ऑगस्ट, तेव्हा पावसात इकडे कुत्रं फिरकत नाही. तर ऑगस्टचा मधला आठवडा धरून तिकिटं बघतोय. कोणी जाऊन आलंय का? काय बघावं, काय सोडावं, आणि मुख्य म्हणजे कारखान्यात आत सोडतात का की नुसती दोरीपलीकडची गाडी बघून परत?

दापोलीकर_परदेशी:
तिकिटं काढली नसतील तर आधी हात आवरा :) ऑगस्टच्या मध्यावर अख्खा इटली समुद्रावर पडलेला असतो. 15 ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तोचा सण आणि कारखान्यांची मोठी सुट्टी त्याच्याच आगेमागे. म्युझियमं उघडी मिळतील पण लाइन बंद. तुम्हाला माणसं काम करताना बघायचीत ना, मग एक तर जून-जुलै नाहीतर गणपती गेले की ऑक्टोबर. आणि शनिवार-रविवार धरू नका.

मी मोदेनाजवळ असतो, गाड्यांच्या धंद्यात नाही, टाइल्सच्या मशिनरीत. फेरारीचं मारानेल्लो आणि टाइल्सचं सास्सुओलो ही शेजारची गावं आहेत, त्यामुळे सकाळी कामावर जाताना टाइल्सच्या ट्रकमागे काळे-पांढरे पट्टे चिकटवलेली टेस्टिंगची फेरारी निमूट रांगेत उभी दिसते. गावाकडून पाहुणे आले की फिरवायचं काम माझ्याकडेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेरारीच्या कारखान्यात तुम्ही-आम्ही पाय ठेवू शकत नाही. गाडी घेतलेलं गिऱ्हाईक असाल किंवा कंपनीचं बोलावणं असेल तरच. बाकीच्यांसाठी म्युझियमवरून बस सुटते, ती कारखान्याच्या आवारातून आणि फियोरानोच्या टेस्ट ट्रॅकवर फिरवून आणते, बसमधून उतरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. रेन्झो पियानोने डिझाइन केलेला विंड टनेल बाहेरून दिसतो, इमारती छान आहेत, झाडं छान आहेत, पण आत इंजिन कोण जोडतंय ते काही दिसत नाही. आधी माहीत नसलेली माणसं तोंड पाडून उतरतात.

लँबोर्गिनीचं याच्या उलट. सांतागाता बोलोन्येझे हे शेतांच्या मधोमध वसलेलं गाव, दोन्ही बाजूला मका-गहू आणि रस्त्याला लागून कारखाना. इथे पब्लिकसाठी कारखान्याची टूर आहे, आधी बुक करायची, चालत लाइनच्या बाजूने नेतात. आत फोटो नाही. मला स्वतःला इंजिनपेक्षा चामड्याचा विभाग जास्त आवडला. अख्खं कातडं टेबलावर पसरतात, एक बाई त्यावर तळहात फिरवत फिरवत जाते, जिथे किड्याचा चावा किंवा काटेरी तारेचा ओरखडा लागेल तिथे खूण करते, मग त्या खुणा टाळून सीटचे तुकडे कापले जातात. पाच मिनिटं तिथेच उभा होतो, गाइडने हाक मारली तेव्हा पुढे सरकलो. एक मात्र सांगून ठेवतो, आता तिथे निम्म्याहून जास्त काम उरुस या त्यांच्या एसयूव्हीचं. 2023 मध्ये पहिल्यांदाच वर्षाला 10 हजारांच्या वर गाड्या गेल्या त्यात उरुसच जास्त, आणि तिची बॉडी स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला फोक्सवॅगनच्या कारखान्यातून येते, इथे जोडणी होते. 1998 पासून कंपनी ऑडीच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्याच, घरातली ना, त्याचा हा परिणाम.

पगानीबद्दल वेगळं लिहितो, तो एकटाच या सगळ्या खर्चाच्या लायकीचा आहे असं माझं मत.

हाफक्लच:
अहो दापोलीकर, फेरारीला एवढं झोडपू नका. बस टूर मीपण केलीय, ती पैसे वाया, मान्य. पण मारानेल्लोच्या म्युझियममध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्या आणि चषकांची ती अर्धगोल भिंत बघून आमच्या पोरांची बोलती बंद झाली होती. आणि मोदेना शहरात दुसरं म्युझियम आहे ते बरेच लोक विसरतात, फेरारीचा संस्थापक एन्झो फेरारी 1898 ला जन्मला ते घर आणि वडिलांचं वर्कशॉप तसंच ठेवलंय, शेजारी 2012 मध्ये पिवळ्या बॉनेटसारख्या छपराची नवी इमारत बांधलीय. महायुद्धात 1943 ला त्याने कारखाना मोदेनाहून मारानेल्लोला हलवला आणि 1947 ला फेरारी नावाची पहिली गाडी 125 एस बाहेर काढली, हा सगळा प्रवास तिथे नीट कळतो.

दुसरं, मारानेल्लोत म्युझियमच्या बाहेर दुकानवाले उभे असतात, दहा मिनिटं फेरारी चालवा वीस मिनिटं चालवा म्हणून. भाच्याचा जीव तुटेल पण विचार करून काय तो निर्णय घ्या. गावातून 50 च्या लिमिटला दोन राउंडअबाउट आणि परत. सही करण्याआधी डॅमेज झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा वाचा, बारीक अक्षरात असतो.

फायबरवाला:
आलो रे. पयली गोष्ट, जून-जुलै मला जमणार नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, सगळ्या बोटी वर ओढलेल्या असतात आणि प्रत्येकाला तेव्हाच सगळं रिपेर करून पाहिजे असतं. त्यात पावसाची हवा, रेझिन सेट होता होत नाही, ताडपत्री बांधून आत हॅलोजन लावून बसावं लागतं. तेव्हा ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर, आतेभावाची कापणी असली तरी त्याने गडी लावावेत.

मला फेरारीत इंटरेस्ट कमी आहे, खोटं कशाला बोलू. मला कार्बन फायबरचं काम बघायचंय. आम्ही साच्याला वॅक्स मारतो, त्यावर जेलकोट, तो चिकट असेपर्यंत मॅट टाकायची, रेझिनमध्ये हार्डनर घालून ब्रशने पाजायचं आणि लोखंडी रोलर फिरवून फिरवून बुडबुडे बाहेर काढायचे. एक बुडबुडा राहिला की दुसऱ्या सीझनला तिथे पापुद्रा सुटलाच समजा. हार्डनर जरा जास्त पडला तर डबा हातात तापतो, धूर येतो, माल फुकट. तर हे पगानीवाले पण हातानेच लावतात ना? मग त्यांचा बुडबुडा कसा राहत नाही? यूट्यूबवर बघितलं तर नुसती म्युझिक आणि गाडी गोल फिरतेय, काम कोण दाखवतच नाही.

दापोलीकर_परदेशी:
वा फायबरवाला भाऊ, असा प्रश्न विचारणारा माणूस तिथे गेला पाहिजे.

हातानेच लावतात. फरक असा की कापड आधीच रेझिन पाजलेलं येतं, कारखान्यातच ठरल्या प्रमाणात भिनवलेलं, त्याला प्रीप्रेग म्हणतात. ते बाहेर ठेवलं तर हळूहळू सेट व्हायला लागतं म्हणून उणे 18 डिग्रीच्या आसपास फ्रीजरमध्ये ठेवतात, लागेल तेवढंच बाहेर. मग स्वच्छ खोलीत साच्यात एकेक थर बसवायचा, कोपऱ्यात बोटाने आणि छोट्या पट्टीने दाबत दाबत. वरून प्लास्टिकची पिशवी सील करून आतली हवा ओढून घ्यायची, आणि सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या गोल पोलादी टाकीत, भट्टीसारखं तापवून वर सहा-सात बारचा दाब. तुमचा रोलर जे करतो ते तिथे हवेचा दाब चहूबाजूंनी एकाच वेळी करतो, आणि रेझिन कमीत कमी लागल्याने वजन उतरतं.

या ऑटोक्लेव्हची गोष्ट तिथे प्रत्येक गाइड सांगतो. ओरासिओ पगानी हा अर्जेंटिनातल्या कासिल्दा गावच्या बेकरीवाल्याचा मुलगा. फॉर्म्युला वनचा पाच वेळचा चॅम्पियन फांजिओ, तोही अर्जेंटिनाचाच, त्याची शिफारसपत्रं घेऊन 80 च्या दशकात इटलीत आला आणि लँबोर्गिनीत खालच्या कामावर लागला. लँबोर्गिनीचीच काउंटाक नावाची गाडी कार्बनमध्ये बनवून दाखवली आणि कंपनीला म्हणाला ऑटोक्लेव्ह घ्या. त्यांनी सांगितलं फेरारीकडे नाही तर आपल्याला कशाला. पठ्ठ्याने कर्ज काढून स्वतःचा घेतला! पुढे 1991 ला स्वतःची कंपनी आणि 1999 ला जिनिव्हाच्या शोमध्ये झोंडा ही त्याची पहिली गाडी. इंजिन मर्सिडीज-एएमजीचं व्ही12, ते बाहेरून येतं, बाकी सगळा जीव कार्बन आणि टायटॅनियममध्ये.

जागा सान चेझारिओ सुल पानारो, मोदेनापासून अगदी जवळ. वर्षाला 40-50 गाड्या फक्त, म्हणजे फेरारी 2023 ला साडेतेरा हजारांच्या वर विकते तिथे यांचा हा आकडा. टूर बुक करून मिळते. बॉडीवर कार्बनची वीण उघडी ठेवलेली असते तिथे बॉनेटच्या मध्यरेषेवर उभे राहून बघा, डावी-उजवी वीण आरशात बघितल्यासारखी जुळते. दोन वेगळ्या पॅनेलच्या जोडावरसुद्धा. बोल्टाबोल्टावर कंपनीचं नाव कोरलेलं.

फायबरवाला:
वीण जुळवणं म्हणजे थर टाकताना कापड एक दोरासुद्धा सरकता कामा नये, आणि ते कोपऱ्यात वळवताना सरकतंच सरकतं. रेझिन मोजून पाजलेलं असेल तर निम्मं काम झालं की, आमच्याकडे एक माणूस हात सैल सोडतो एक माणूस आखडता घेतो, बोटीचं वजन तिथेच बदलतं. पण ते ओल्या कापडासारखं लोंबत नाही म्हणजे कोपऱ्यात बसवायला जड जात असणार. बघायलाच पाहिजे. हात लावू देतील का?

दापोलीकर_परदेशी:
गाडीला नाही, पण सॅम्पलचे तुकडे हातात देतात. आणि तुम्ही काय काम करता ते आधी सांगा, माणसं बोलती होतात.

गुहागरची_माहेरवाशीण:
कातळावरचा दादा, गाडी चालवणार कोण ते ठरवा आधी. आम्ही दोघं त्याच भागातून फिरलोय, ह्यांनी नकाशा धरला मी चालवली. डावीकडे बसून उजवीकडून चालवणं अर्ध्या दिवसात अंगवळणी पडतं, फक्त गिअरला उजवा हात जातो म्हणून ऑटोमॅटिक घ्या. आपलं लायसन्स आणि त्याच्यासोबत इंटरनॅशनल परमिट लागतंच, ते आपल्याच आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं, गाडी देणारे काउंटरवर मागतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून भरता येतो, तो लांबवू नका.

आता मोठी गोष्ट, झेडटीएल. जुन्या शहराच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, बोलोन्यात पण आणि मोदेनात पण. बॅरिअर नाही, पोलीस नाही, शिट्टी नाही, नुसता एक गोल लाल कडेचा बोर्ड आणि कॅमेरा. तुम्ही आरामात आत जाता, पिझ्झा खाता, घरी येता, आणि काही महिन्यांनी दंड येतो, वर गाडी भाड्याने देणारे तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापून घेतात. दोनदा आत गेलात तर दोन दंड. त्यामुळे हॉटेल शहराच्या बाहेर घ्या, तसेही कारखाने सगळे गावात नाहीतर शेतातच आहेत.

ऑटोस्त्रादावर, म्हणजे टोलच्या हायवेवर, शिरताना तिकीट घ्यायचं उतरताना पैसे द्यायचे. पिवळी टेलिपासची लेन असते, ती आपल्या फास्टॅगसारखी, त्यात शिरू नका, बाहेर पडता येत नाही मागे ट्रकवाले ओरडतात. लिमिट 130, आणि दोन कमानींच्या मधला सरासरी वेग मोजतात, म्हणजे कॅमेरा बघून ब्रेक मारायचं आपलं कौशल्य तिथे कामाचं नाही.

हाफक्लच:
130 वाचून डोळे पाणावले. आमच्या मुंबई-गोव्याचं काम 2011 पासून चाललंय, कशेडीचा बोगदा झाला म्हणून पेढे वाटायचे की बाकीच्यासाठी रडायचं कळत नाही. असो, विषयांतर.

बांधावरचो:
माका एक सांगा, तो लँबोर्गिनीवालो आधी ट्रॅक्टर करी ना? मगे ते ट्रॅक्टर खंय बघूक गावतत? गाडयो बघून मी काय करू, आमच्या वाडयेत रिक्षा येवक रस्तो नाय. ट्रॅक्टर बघलंय तर भावाक सांगूक तरी होयत.

दापोलीकर_परदेशी:
आहे ना काका, त्याचं वेगळं म्युझियम. फेरुच्चो लँबोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा, युद्धानंतर लष्कराचं उरलंसुरलं सामान घेऊन त्याने ट्रॅक्टर जोडले, 1948 ला चेंतो गावी ट्रॅक्टरची कंपनी काढली. पैसा झाल्यावर फेरारी घेतली, क्लच सारखा जायचा, तक्रार घेऊन एन्झोकडे गेला तर एन्झो म्हणाला तू ट्रॅक्टरच चालव, आणि त्या रागातून 1963 ला गाड्यांचा कारखाना, अशी दंतकथा सांगतात. खरं-खोटं त्या दोघांनाच ठाऊक, पण फेरारी त्याच्याकडे होत्या हे नक्की. 70 च्या दशकात कंपनी विकून उंब्रियात द्राक्षं लावली आणि वाइन करत बसला, हे मात्र कोणी सांगत नाही. म्युझियम बोलोन्याजवळ फुनोला, कारखान्यातलं ते वेगळं. ट्रॅक्टर आहेत, आणि फायबरवाला भाऊ, लँबोर्गिनीची इंजिनं बसवलेली रेसिंगची बोटपण आहे.

फायबरवाला:
मग फुनो नक्की. बाकीच्यांनी गाडीत बसून राहावं.

गुहागरची_माहेरवाशीण:
खाण्याचं कोणी बोलतच नाहीये :) तो सगळा डुकराच्या मांसाचा पट्टा आहे. भाचा शाकाहारी असेल तर पालक-रिकोताचे तोर्तेल्ली मिळतात, पण तळलेली ती न्योक्को फ्रित्तो दिसायला आपल्या पुरीसारखी, पारंपरिक पद्धतीत ती चरबीत तळतात, विचारून घ्या. पारमेजान चीजमध्येसुद्धा दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, कट्टर असाल तर. माशाशिवाय ज्यांचं पोट दुखतं त्यांनी एक दिवस समुद्रावर चेझेनातिकोला जावं. तिथल्या कालव्याचा नकाशा 1502 ला लिओनार्दो दा विंचीने काढला होता आणि जुन्या शिडाच्या मासेमारी बोटी त्यातच तरंगत्या ठेवल्यात.

दापोलीकर_परदेशी:
चीजवरून आठवलं, मोदेनाच्या बाहेर ओम्ब्रे नावाचा गोठा आहे, पानिनी कुटुंबाचा, फुटबॉलच्या स्टिकरवाले तेच. एका शेडमध्ये पारमेजान तयार होतं आणि शेजारच्या इमारतीत जुन्या मासेराती ओळीने उभ्या, त्यात 1958 ची आइस्क्रीम कंपनीच्या पैशावर बनलेली एल्दोरादोपण. गाईंचा वास आणि मासेराती एकाच ठिकाणी. आधी कळवून जावं लागतं. मासेरातीच्या शोरूमपेक्षा मी तिथे नेतो पाहुण्यांना.

कातळावरचा:
एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. आतेभावाने कापणीला गडी बघतो म्हणून कबूल केलंय, तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पक्का. फेरारीची बस रद्द, मोदेनाचं एन्झोचं घर ठेवलं, लँबोर्गिनी आणि पगानी दोन्हीचं बुकिंग मिळाल्यावरच विमानाची तिकिटं. भाचा दहा मिनिटं फेरारी चालवायचीच म्हणतोय, त्याच्या बापाला विचार म्हटलं. दापोलीकर, तुमच्याकडे येतोय तर आई विचारते काय पाठवू, तूप कढवतेय, कोहळा आहे, सोडे आहेत.

दापोलीकर_परदेशी:
काकूंना नमस्कार सांगा. तूप नको, बाहेरून येणाऱ्याला दुधाचं आणि मांसाचं काही युरोपात आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. कोहळा पण नको, ताजी फळं-भाज्या सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, फक्त अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना सूट. सोडे मात्र आणा!! मासळीला 20 किलोपर्यंत परवानगी आहे, फक्त तीन पिशव्यांत गुंडाळा नाहीतर विमानात शेजारी बसणाऱ्याचं काही खरं नाही.

बांधावरचो:
नारळ चलता मां? मगे एक जास्तीचो घेवन जावा आणि त्या पगानीच्या दारात ठेवा, गाऱ्हाणा मी हयसून फोनवर घालतंय. बा देवा म्हाराजा, ह्या चार पोरांका त्या पिवळ्या लायनीत जावक देव नको, कॅमेऱ्याच्या नजरेक पडाक देव नको, आणि आमच्या फायबरवाल्याक थंयच कामाक ठेवन घेव नको रे म्हाराजा, हयल्यो बोटी मगे कोण करतलो? व्हय म्हाराजा!